दोन ओहम

मुंढव्याच्या पुलाअलीकडे, भंगारवाल्याला लागून माझं शटर.
खांदवे मॅडम सकाळीच आल्या, नवी घेतलेली जुनी गाडी घेऊन.
"लेकीला शिकायचीय. एकदा सगळं बघून द्या."

चावी अर्धीच फिरवली. इंजिन लावलं नाही.
काटे हलले, दिवे लागले, मी मोजू लागलो.
एअरबॅगचा दिवा म्हणजे हजेरी घेणारा मॉनिटर,
सहापर्यंत एकेका तारेला हाक मारतो,
सगळ्यांनी हजर म्हटलं की मुकाट विझतो.
सात. आठ.
वीस.
हा विझेना.
इंजिन लावलं तेव्हा विझला,
ऑइलच्या दिव्यासोबत, त्याच क्षणी,
जुळ्यांनी एकदम डोळे मिटावेत तसा.

"विझला की, काका," निहाल म्हणाला.
"दुसऱ्याचं बघून विझला," मी म्हटलं.

स्कॅनर लावला. पेटीनं लपवाछपवी केली नाही:
अपघात नोंदला आहे. स्मृती कुलूपबंद.
गाडी कुठे ठोकली, ते नाही. कोण बसलं होतं, तेही नाही.

बॅटरीची काळी तार सोडली.
आता दहा मिनिटं कशालाच हात लावायचा नाही,
चहा प्यायचा. मल्टीमीटर तर पिवळ्या तारांपासून लांबच,
त्याच्या चिमूटभर करंटनंही बार उडू शकतो.
पेटीच्या पोटात कपॅसिटर असतो,
धडकेत बॅटरीच गेली
तरी शेवटच्या हाकेपुरता जीव धरून बसलेला.

मॅडमनी विचारलं, फुगते कशी?
सांगितलं: पुढचा सेन्सर दचकतो, पेटी ठरवते,
केसाएवढी तार लाल होते, गोळ्या पेटतात, वायू सुटतो,
पापणी लवायच्या आत पिशवी भरते
आणि लगेच पाठच्या भोकांतून श्वास सोडू लागते,
कारण तोंडासमोर उशी हवी, भिंत नको.
"आणि मग?"
मग काही नाही. तिला एकदाच फुगायचं असतं.

स्टिअरिंगचं झाकण उचललं
आणि डोळ्यांआधी हाताला कळलं. वजनच नव्हतं.
आत एक बनियन. मळकं, नीट घडी घातलेलं.
पिवळ्या जोडाच्या तोंडात तांदळाएवढा रेझिस्टर, दोन ओहमचा.
पेटी विचारते, आहेस का?
पिशवीच्या जागी हा सांगतो, आहे.
दिवसातून कितीही वेळा विचारा, आहे.

मॅडम काहीच बोलल्या नाहीत. बनियनकडे बघत राहिल्या.

मी मात्र टेप बघत होतो.
काळ्या टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं,
पुढच्या माणसाला नखानं सोडवता यावं म्हणून.
नाना पेठेत वाघोले उस्तादांनी शिकवलेली रीत.
उलट्या हातानं मारायचे, टोक चिकटवून टाकलं तर.
अख्ख्या पुण्यात आम्ही चौघंच असं दुमडतो.
उस्ताद गेले. एक दुबईला आहे. एकानं हात सोडला, भाजी विकतो.

पाचशे रुपये मिळायचे तेव्हा.
एजंट गाडी आणायचा, नंबर बघायची पद्धत नव्हती.
किती केल्या? सात असतील. नऊ.

"काका, टेप फेकू?" निहाल.
"राहू दे," म्हटलं. खिशात ठेवली.

खर्च सांगितला: पिशवी, पेटी, दिव्याची वायर मूळ जागी,
पार्ट यायला अकरा दिवस.
तोवर लेकीला गाडी देऊ नका.
त्यांनी मान हलवली, आणि दारातून मागे वळून विचारलं,
"जो कोणी होता, तो वाचला का हो?"
म्हटलं, ते पेटीत लिहिलेलं नसतं.
बाकीचं जे सांगायचं होतं
ते चहाच्या ग्लासांसोबत विसळलं.

रात्री घरी निघताना माझ्याच गाडीत
चावी अर्धी फिरवून बसलो.
एक. दोन.
सहाला दिवा विझला.
मी पुन्हा फिरवली.